छोट्याला विचारणे

उणे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या या माणसाला ते नाव मुलांनी ठेवलं, मग शिपायांनी उचललं, आणि एकदा प्राचार्यांनीच भर मीटिंगमध्ये "उणेसर, तुमचं काय मत?" असं विचारलं तेव्हा ते कायमचं चिकटलं. उण्यांनी मत दिलं. नावाबद्दल तक्रार केली नाही. उलट कुणीतरी बारशालाच ठेवलं असतं तर बरं झालं असतं, इतकं ते बसलं होतं.

नावामागची गोष्ट अशी. बहुतेक माणसं संगणकावरचे प्रोग्रॅम तयार घेतात, शिवलेल्या सदऱ्यासारखे. उण्यांच्या संगणकावर तयार काही यायचं नाही. तिथे प्रत्येक प्रोग्रॅम ताग्यातल्या कापडासारखा यायचा, म्हणजे कुणीतरी लिहिलेला मूळ मजकूर, आणि तो आपल्या मापाने घरीच बेतून शिवायचा. शिवणारं यंत्र म्हणजे कंपायलर. त्यातही गंमत अशी, की हे यंत्र नवं हवं असेल तर तेही घरीच करायचं, जुन्या यंत्रावर. करण्याआधी विचारलं जायचं: हे हवं का, ते हवं का? उत्तरं एका फाईलीत लिहायची. हवं असेल तर नुसता शब्द, नको असेल तर शब्दापुढे उणेचं चिन्ह. उण्यांची ती फाईल वर्गात पडद्यावर दिसली तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, हा हिशोब कधी शून्यावर येणार?" तेव्हापासून ते उणेसर.

घरातही तोच खाक्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. टीव्ही नाही, सोफा नाही, चहात साखर नाही, भिंतीवर कॅलेंडर सोडून काही नाही. लग्नाचं कुणी काढलंच तर त्यांची ताई परस्पर सांगून टाकायची, "त्याच्या फाईलीत त्या शब्दापुढेसुद्धा उणे आहे. आणि माझ्याकडे बघू नका, मी तर त्या फाईलीतच नाही."

ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. तिनेही लग्न केलं नव्हतं. ती एका छापखान्यात प्रुफं तपासायची. त्रेसष्टाव्या वर्षीही अर्धा दिवस जायची, कारण मालकाला तिच्यासारखी नजर दुसरीकडे मिळत नव्हती. औषधाच्या खोक्यावरची चूकसुद्धा ती पेन्सिलीने दुरुस्त करायची आणि मगच गोळी घ्यायची. छप्पन्न वर्षांच्या, टक्कल पडलेल्या, कॉलेज ज्याला वचकून असे अशा भावाला ती छोट्या म्हणायची. गॅलरीतून, जिन्यातून, भाजीवाल्यासमोर, कुठेही.

सहा वर्षांपूर्वी उण्यांनी जेवताना एक किस्सा सांगितला. प्रयोगशाळेतली एक मुलगी संगणकासमोर बसून रडत होती. का, तर कंपायलरने एक चूक दाखवली होती, इंग्रजीत, आणि तिला ती कळत नव्हती. उण्यांनी किस्सा हसण्यावारी सांगितला. ताई हसली नाही.

"काय लिहिलं होतं त्यात?"

उण्यांनी वाक्य सांगितलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे, काहीतरी परत देईन असं सांगून तू काम सुरू केलंस, आणि काहीच न देता शेवटाला पोचलीस."

"मग असंच लिहायला काय धाड भरली होती?" ताई म्हणाली. "किती स्वच्छ वाक्य आहे. अरे, चूक दाखवायचीच तर माणसाला कळेल अशी दाखवावी. आम्ही काय प्रुफावर परक्या भाषेत खुणा करतो?"

ती तेवढ्यावर थांबणारी नव्हती. छापखान्यातल्या संगणकवाल्याच्या खनपटीला बसून तिने शोधून काढलं, की कंपायलरची वाक्यं जगभरचे हौशी लोक आपापल्या भाषेत आणतात. आपल्या भाषेत कुणीतरी कधीकाळी पन्नाससाठ वाक्यं करून सोडून दिली होती. एकूण वाक्यं बारा हजारांच्या वर. ताईने त्याच आठवड्यात सुरुवात केली. छापखान्यातल्या संगणकावर, दुपारच्या सुट्टीत, डबा खाऊन झाल्यावर.

मग घरी प्रश्न सुरू झाले. ताट वाढताना, कपडे वाळत घालताना.

"छोट्या, ते 'स्कोप' म्हणतात त्याला काय म्हणू?"

"स्कोपच म्हण."

"आणि 'डिक्लरेशन'ला?"

"ताई, ते शब्द तसेच ठेवतात सगळे. उगाच कशाला ओढाताण करतेस?"

"तसेच ठेवायचे तर मी कशाला हवी?" असं म्हणून ती आत जायची, आणि उणे आपल्या पडद्याकडे वळायचे. पुढे पुढे तिने विचारणं सोडलं. सोडलं हे उण्यांच्या लक्षात आलं नाही, तेवढी शांतता मात्र त्यांना बरी वाटली.

एकच प्रश्न तिने सोडला नाही. वर्षातून दोनतीनदा, तिच्या वाक्यांची नवी भर कंपायलरमध्ये गेली की, ती दारात उभी राहून पदराला हात पुसत विचारायची, "तुझ्या संगणकावर दिसतं का रे माझं?"

"बघतो," उणे म्हणायचे.

दिसत नव्हतं. दिसणं शक्यच नव्हतं. कंपायलरच्या पर्यायांत एक पर्याय असतो, एनएलएस. तो ठेवला तर कंपायलर तुमच्या भाषेत बोलतो, नाही तर इंग्रजीत. उण्यांच्या फाईलीत तेवीस वर्षांपासून लिहिलेलं होतं: उणे एनएलएस. त्याने चारदोन मिनिटं वाचायची. ताईचं काम सुरू झाल्यावर ते चिन्ह खोडायला हवं हे त्यांना कधी सुचलं नाही असं नाही. सुचायचं, पण कंपायलर चालू स्थितीत असायचा आणि चालतं यंत्र उगाच उघडायचं नाही हा त्यांचा नियम.

सहाव्या वर्षी थंडीत ताई छापखान्यात भूगोलाच्या पुस्तकाचं प्रूफ तपासत असताना स्टुलावरून खाली पडली. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. म्हणजे एक शब्द सोडून सगळी गेली. तो शब्द होता, 'बरोबर'. पाणी हवं असलं तरी बरोबर, पाठ दुखली तरी बरोबर, राग आला तरी दात आवळून, डोळे मोठे करून, बरोबर.

"आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या," दिवसभर सोबतीला ठेवलेल्या मावशी म्हणाल्या, "आणि आता बघा, सगळं जगच बरोबर!" ताई अर्ध्या तोंडाने हसली. मावशी तिला आवडल्या होत्या. त्या सुरकुती न ठेवता चादर घालायच्या आणि उण्यांना न घाबरता बोलायच्या.

दवाखान्यातून घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, बॅगेत चित्रांची आणि शब्दांची कार्डं. 'खिडकी' लिहिलेलं कार्ड त्यांनी मुद्दाम उलटं धरलं. ताईने डाव्या हाताने ते ओढून घेतलं, सरळ केलं, आणि खिडकीकडे बोट दाखवलं.

"वाचन शाबूत आहे!" बाई उण्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या. "हे फार मोठं आहे. आता यावरच सगळं उभं करायचं. त्यांनी स्वतः लिहिलेलं काही आहे? पत्रं, डायरी? आपलेच शब्द पुन्हा डोळ्यांखालून गेले, की वाट सापडते कधीकधी. पण लवकर. हेच आठवडे महत्त्वाचे असतात. दुसऱ्या झटक्याची भीती आहेच, ते तुम्हाला सांगितलं असेल."

उण्यांना सांगितलं होतं.

ताईने डायरी लिहिली नव्हती. पत्रं लिहावीत असं कुणी लांब नव्हतं. तिने लिहिलं होतं ते एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पाजताना तिने डाव्या हाताचं बोट उण्यांच्या टेबलाकडे, संगणकाकडे केलं आणि शब्दाच्या शेवटी आवाज चढवून म्हणाली, "बरोबर?"

ती काय विचारत होती हे उण्यांना बरोब्बर कळलं. दिसतं का रे माझं?

"दाखवतो," ते म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी 'बघतो' म्हटलं नव्हतं.

आता इथे दुसरा कुणी असता तर कुठूनतरी तयार कंपायलर उतरवून मोकळा झाला असता. तो विचार उण्यांच्या डोक्यात आलाच नाही, आणि आला असता तरी त्यांनी तो उणे केला असता. ताईने विचारलं होतं 'तुझ्या संगणकावर'. तिचं काम त्यांच्या यंत्रातून, त्यांच्या हातून, पहिल्या प्रतीचं बाहेर पडायला हवं होतं. आयुष्यात कधी नव्हे ते कुणाचे तरी लाड करायला निघाले होते, आणि लाड करायची त्यांना एवढी एकच रीत ठाऊक होती.

त्यांनी रजा टाकली आणि चौकटीच्या कागदावर पर्याय मांडले. एनएलएस: हवं. त्यापुढचं उणे खोडताना त्यांनी पेनाची रेघ दोनदा फिरवली. मग बाकीचे. पीजीओ, म्हणजे कंपायलरने आधी स्वतःला चालवून बघायचं, कुठे वेळ जातो ते टिपायचं आणि त्यावरून स्वतःला पुन्हा घडवायचं: एरवी नको म्हटलं असतं, आता हवं. एलटीओ, म्हणजे सगळे तुकडे शेवटी एकत्र समोर घेऊन जोडायचे: हवं. या कागदावर तीन दिवस गेले. उणेसर पहिल्यांदाच हवं हवं लिहीत होते, आणि त्या शब्दाची सवय नसल्याने प्रत्येकापाशी अडत होते.

"एवढं काय लिहिताय?" मावशींनी विचारलं.

"ताईने लिहिलेलं बाहेर काढायचंय."

"कागदावर नाही का कुठे त्यांचं?"

"कागदावर कशाला असेल? मशीनमध्ये आहे."

"मग काढा की मशीनमधून."

"तेच तर चाललंय."

सातव्या दिवशी सकाळी त्यांनी काम लावलं. संगणक जुना. पंखा घरघरायला लागला, टेबल कोमट झालं, आणि पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. कंपायलर स्वतःला तीन फेऱ्यांत घडवतो. जुना पहिल्याला घडवतो, पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी दुसरा आणि तिसरा अक्षर न अक्षर ताडून बघतात. जुळले तरच काम पक्कं. हे एकदा ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे मूळ प्रत आणि प्रूफ. तुझं यंत्र माझंच काम करतंय की. त्याला पगार किती?"

उणे पडद्यासमोर बसून राहिले. ताई पलीकडच्या खोलीत कॉटवर. मधलं दार उघडं होतं. तिला त्यांची पाठ दिसत होती, आणि मधूनमधून ती पाठीला उद्देशून म्हणायची, "बरोबर?"

"होतंय, होतंय."

मावशी खोलीतून डोकावल्या. "शिजलं का? आमचा कुकर निदान शिट्टी तरी देतो."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला काम बंद पडलं. एलटीओच्या जोडणीत संगणकाची मेमरी पुरली नव्हती. सत्तावीस तासांचं काम एका शब्दात संपलं. पडद्यावर फक्त लिहिलं होतं, मारलं गेलं. इंग्रजीत.

उण्यांनी एलटीओपुढे उणे टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी दीड दिवसाने सगळं पार पडलं. दुसरा आणि तिसरा जुळले. त्यांनी चार ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्यात जन्मात पहिल्यांदा मुद्दाम एक चूक केली. ओळीच्या शेवटचा अर्धविराम गाळला. कंपायलरला दिला.

चूक इंग्रजीत आली.

ते पडद्याकडे बघत राहिले. मागून आवाज आला, "बरोबर?"

"नाही," उणे म्हणाले. "थांब जरा."

शोधायला तीन दिवस लागले, कारण जिथे शोधायचं ते ठिकाण इतक्या वर्षांमागे होतं, की आपण तिथे कधी गेलो होतो हेच ते विसरले होते. एनएलएस म्हणजे नुसतं दार. दारातून कुठकुठल्या भाषांनी आत यायचं त्याची यादी दुसऱ्याच फाईलीत असते, आणि त्या यादीत त्यांनी पूर्वी कधीतरी, जागा वाचावी म्हणून, एकट्या इंग्रजीचं नाव ठेवलं होतं. आपली भाषा त्यांनी उणेसुद्धा केली नव्हती. नुसती लिहिली नव्हती.

त्यांनी ती लिहिली आणि तिसऱ्यांदा काम लावलं. मध्येच वीज गेली, चौथ्यांदा लावलं. मधल्या काळात डॉक्टरीणबाई दोनदा येऊन गेल्या. "काही मिळालं का त्यांचं?" त्यांनी विचारलं. उणे म्हणाले, दोन दिवसांत. बाईंनी तोवर ताईला वर्तमानपत्राचे मथळे वाचायला दिले. ताईने एका मथळ्यात डाव्या हाताने गाळलेल्या अनुस्वारापाशी खूण केली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. उण्यांनी त्या टाळ्या ऐकल्या. उठून बघायला गेले नाहीत, कारण दुसरी फेरी संपत आली होती.

अठराव्या दिवशी सकाळी, तिसरी फेरी चालू असताना, मावशींची हाक आली. नुसतं "सर!" पण अशा आवाजात, की उणे खुर्ची पाडून उठले. ताईची मान एका बाजूला कलली होती. डोळे उघडे होते.

ताई बारा दिवसांनी दवाखान्यातून पुन्हा घरी आली. येते की नाही अशी वेळ होती, त्या मानाने नशीबच, असं सगळे म्हणाले. ती गिळू शकत होती, बसवलं तर बसू शकत होती. 'बरोबर' गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचं कार्ड काढलं आणि उलटं धरलं. ताईने त्याकडे बघितलं. मग बाईंच्या बांगड्यांकडे बघितलं. बाईंनी ते तिच्या मांडीवर उलटंच ठेवलं आणि थांबल्या. पंखा फिरत होता. मावशी दारात कणकेचे हात घेऊन उभ्या होत्या. प्रुफं तपासण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या बाईने ते कार्ड सरळ केलं नाही.

"समजही बरीच गेली आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बोलत राहा. आवाज ओळखीचा वाटतो त्यांना."

उण्यांना दुसरं काय करावं हे सुचलं नाही म्हणून ते टेबलापाशी गेले. कंपायलर बारा दिवसांपूर्वीच तयार होऊन पडला होता. चूक अजूनही इंग्रजीतच येत होती. पण आता काय राहिलं होतं ते त्यांना उभ्याउभ्याच दिसलं: आपल्या भाषेचे नियम संगणकात बसवलेले नव्हते. तिसरं दार, तेही त्यांनीच लावलेलं. ते उघडायला सव्वा मिनिट लागलं.

मग अर्धविराम गाळलेला तो चार ओळींचा प्रोग्रॅम. पडद्यावर आलं:

'इथे ";" हवा होता.'

'अपेक्षित' नाही, 'आवश्यक' नाही. हवा होता. उण्यांनी दुसरी चूक केली. एक नाव घेतलं आणि पुढे कुठेच वापरलं नाही.

'"क" आणून ठेवलात, पण त्याला कधी हात लावला नाहीत.'

आणखी एक. न सांगितलेलं नाव वापरलं.

'"ख" कोण, ते आधी सांगितलेलं नाही.'

आणि मग त्यांनी तो प्रोग्रॅम लिहिला, ज्याच्यावरून ती मुलगी रडली होती.

'परत काही देईन असं म्हणून निघालात, आणि काहीच न देता शेवट आला.'

उणेसरांनी संगणक उचलला, वायरीसकट, तो कॉटपाशी स्टुलावर आणून ठेवला, आणि ताईला उशांना टेकवून बसवलं. "दिसतं, ताई," ते म्हणाले. "हे बघ. माझ्या संगणकावर. दिसतं." ताईने पडद्याकडे बघितलं. पडद्यावर उजेड होता म्हणून बघितलं. थोड्या वेळाने तिची नजर त्यांच्या शर्टाच्या गुंडीवर आली आणि तिथेच राहिली.

डॉक्टरीणबाई अजून बॅग आवरत होत्या. त्यांनी पडद्यावरची वाक्यं वाचली आणि विचारलं, "किती सुंदर आहेत ही. सगळी अशीच आहेत? एकेक चूक करूनच बघायची का? मुळात कुठे असतात ही?"

"मुळात तर एका साध्या फाईलीत असतात," उणे सवयीने, वर्गात सांगावं तसं, सांगू लागले. "कंपायलरचा मूळ मजकूर येतो ना, त्याच्या गठ्ठ्यातच एक फोल्डर असतो, त्यात प्रत्येक भाषेची एक फाईल. वर इंग्रजी वाक्य, खाली आपलं. कुणीही उघडून वाचावी अशी असते. फक्त ती..."

ते थांबले.

मावशींना काही कळलं नसावं. पण कणकेचे हात तसेच धरून त्या म्हणाल्या, "म्हणजे होतं की लिहिलेलं. पहिल्या दिवसापासून."

पहिल्या दिवसापासून नव्हे, सहा वर्षांपासून. जेव्हा जेव्हा उण्यांनी कंपायलर घडवला, तेव्हा तेव्हा ताईचे शब्द त्यांच्याच संगणकात आले होते, साध्या अक्षरांत, उघडे. जो माणूस तयार माल घेत नाही, प्रत्येक गोष्ट मुळापासून करतो, त्याने मूळ कधी उघडून वाचलं नव्हतं. ते अठरा दिवस ताई वाचू शकत होती आणि त्या फाईलीची चार पानं छापायला दहा मिनिटं पुरली असती.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला, आणि बॅग उचलून गेल्या.

फाईल उण्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी उघडली. तोवर धीर झाला नाही. ताई जेवून बसली होती. पहिल्या वाक्याच्या वर, ओळीच्या सुरुवातीला एक खूण करून, काहीतरी लिहिलं होतं. अशा ओळी भाषांतर करणाऱ्याने स्वतःसाठी लिहायच्या असतात. कंपायलर घडताना त्या गळून जातात, पडद्यावर कधीच येत नाहीत. कितीही दारं उघडली असती तरी त्या दिसल्या नसत्या.

पहिली ओळ होती: 'स्कोप – छोट्याला विचारणे.'

पुढे: 'विचारलं. तसंच ठेव म्हणतो. पटत नाही.'

त्याच्या पुढे: 'डिक्लरेशन – छोट्याला विचारणे. कामात आहे. उद्या.'

उणे खाली सरकत गेले. छोट्याला विचारणे. छोट्याला विचारणे. आज त्याचं डोकं दुखतंय, नंतर. छोट्याला विचारणे. मग तीच ओळ आखूड होत गेली, 'छो. वि.', प्रुफावर खूण करावी तशी. मग काही हजार वाक्यांनंतर: 'माझ्या मनाने केलं.' त्यांनी शोधून मोजल्या. दोनशे चौदा. एकशे नव्वद प्रश्न आणि बाकीच्या अशाच.

त्यांनी खुर्ची कॉटला लावून घेतली.

"स्कोप," ते म्हणाले. "ताई, स्कोपला आवाका म्हण. आवाका चांगला आहे." ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. "डिक्लरेशन. तू नुसतं 'सांगणं' केलंयस. तेच ठेव. माझ्याकडे याहून बरा शब्द नाही."

असं रोज दुपारी चाललं. दिवसाला पाचसात. ज्या प्रश्नाचं उत्तर येत नसे तो ते चौकटीच्या कागदावर उतरवून घ्यायचे, कॉलेजात दोन माणसांना विचारायचे, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचे. मावशींनी सुरुवातीला विचारलं, "त्यांना कळतं का हो?" उणे म्हणाले, "नाही." मावशींनी पुन्हा विचारलं नाही. त्या दुपारची भांडी मग आवाज न करता घासायला लागल्या.

एकसष्टावी ओळ प्रश्न नव्हती. एकच नाव दोनदा सांगितलं तर कंपायलर जे म्हणतो त्यावरची ती होती. ताईने केलेलं वाक्य असं होतं: '"क" बद्दल एकदा सांगून झालंय. पुन्हा पुन्हा काय?' आणि त्याच्या वर तिने लिहिलं होतं, 'हे छोट्याला दिसलं की हसेल.'

उण्यांनी ते मोठ्याने वाचलं. मग हसले. म्हणजे हसण्यासारखं तोंड करून त्यांनी आवाज काढला, घशातून, दोनतीनदा. ताईने त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. मग समोरचं माणूस हसतंय म्हणून आपणही हसावं तसं तिच्या डाव्या गालाने हसायला घेतलं, आणि उणेसर थांबले तरी ती हसतच राहिली.

"काय झालं हो?" मावशी आतून म्हणाल्या. "कोण हसतंय?"

उणेसरांनी पुढची ओळ वाचायला घेतली.